बारा घरं रिकामी

शेडच्या पत्र्यावर बेथेस्डाचा तोच तो बारीक पाऊस,
ज्याला इथं कुणी पाऊस म्हणत नाही.
आत इद्वल, त्याचा लेथ, आणि टॉर्च धरायला मी.

लेथ म्हणजे काय, तर
भंगारातले पिस्टन, एका लॉरीच्या गिअरबॉक्सचं कवच,
आणि माझी जाम करायची जाड बुडाची कढई
(विचारलं नव्हतं),
सगळं भट्टीत वितळवून, वाळूच्या साच्यात ओतून,
दोन हिवाळे कानशीनं घासून उभं केलेलं यंत्र.
खाणीत चाळीस वर्षं फिटर होता.
दुसऱ्यांची यंत्रं नीट करून झाली, म्हणाला,
आता एक स्वतःचं बिघडवतो.

आज स्लाइड बसवायची आहे.
तिरक्या खाचेत एक लोखंडी पट्टी, पट्टीला चार पेच.
पेच सैल, तर स्लाइड डुलते, हत्यार कुरकुरतं,
दांड्यावर लहरी उमटतात.
पेच घट्ट, तर हँडल रुसून बसतं.
"पाव फेरा," तो म्हणतो. मी देते.
"अर्धा मागे."
"आत्ता तर पुढे म्हणालास."
"आत्ता वेगळं होतं."

मी बावीस वर्षं पँटींच्या कारखान्यात शिलाई केली.
ताण काय असतो ते मला नको शिकवूस, म्हणते.
वरचा दोरा फार ओढला की खालचा वर येऊन तोंड दाखवतो.
तो हसतो आणि तिसरा पेच माझ्यावर सोपवतो.

फट मोजायला त्यानं खिशातून काढलं
सिगारेट वळायच्या कागदांचं पाकीट.
सिगारेट सोडून अकरा वर्षं झाली.
"मोजायलाच," तो म्हणाला,
मी काही विचारायच्या आधी.

तरी मधे सैल, टोकांना घट्ट.
निळा रंग फासला, स्लाइड सरकवली, काढून पाहिली:
निळाई दोन्ही टोकांना, मधला भाग कोरा.
मग तीन संध्याकाळी नुसतं खरवडणं.
पापुद्रे इतके बारीक
की फुंकरीनं उडावेत, आणि ते माझ्या चहात पडले.

स्लाइड झाली तर फीडस्क्रूचं गाऱ्हाणं.
हँडल उलटं फिरवा: डायलवर बारा घरं जातात
आणि स्लाइडला पत्ताच नसतो.
"आटे ढिले आहेत," मी म्हणाले.
"कुणाचे?" तो म्हणाला.
नट मधोमध चिरून बोल्टनं आवळला,
कॉलरमागे सार्डिनच्या डब्यातून कापलेली चकती घातली.
बाराची सात, सातची तीन.
मला चेव आला. शून्य कर ना.
"शून्य केलं तर फिरणारच नाही, नेस्ता."
तीन राहू द्यायची, आणि नेहमी एकाच बाजूनं यायचं.
पुढे गेलं तर तसंच मागे नाही ओढायचं,
चांगलं लांब मागे जायचं,
आणि पुन्हा पहिल्या बाजूनं, सावकाश, आकड्यापर्यंत.

ऑक्टोबरपासून त्याच्या उजव्या हाताला काहीतरी झालंय.
बँगॉरच्या डॉक्टरनं त्याला नाव दिलं;
ते नाव शेडमध्ये आणायचं नाही असं ठरलंय.
त्या संध्याकाळी चहाचा कप उचलताना
त्यानं हात टेबलाच्या कडेपर्यंत मागे नेला,
थांबला,
आणि एकाच बाजूनं, सावकाश, कानाला बोट लावलं.
सांडला नाही.
मी टॉर्च विझवला. त्याची गरज नव्हती तेव्हा.

पहिलं काम कसलं, तर झाकणाची मूठ.
कढई गेली, झाकण उरलं होतं.
पितळेचा दांडा फिरू लागला, सोनेरी कीस
एकसंध निघून त्याच्या बुटावर साचत गेला,
एकही लहर नाही.
आता झाकण कशावरच बसत नाही.
मूठ मात्र अशी,
की येता जाता हात लावावासा वाटतो.